रुसलेलं इंजिन आणि सगुणाआत्या

एक होती आत्या. राजा नाही, बरं का; राजे कालच्या गोष्टीत संपले. आज आत्यावर भागवा. तिचं नाव सगुणा, पण गुण एकच, आवाज. ती अंगणात शिंकली की शेजारच्या गावातली कोंबडी अंडं घालायची विसरायची.

तिचा धाकटा भाऊ दिगंबर सात समुद्रांपलीकडं राहायचा. एकदा काय झालं, त्याला मुलगी झाली आणि पत्र आलं. "अक्का, बाराव्या दिवशी बारसं. इथला कायदा वाईट. त्या दिवशी दिवेलागणीच्या आत नाव ठेवलं नाही, तर सरकार पोरीला नंबर देतं, आणि तोच जन्मभर राहतो. नाव आत्यानं ठेवायचं, तेव्हा तू ये. आणि गाडीत कुणाशी भांडू नकोस."

"नंबर? पोर आहे का पोस्टाची पेटी?" आत्या कडाडली. मग तिनं इवलीशी कुंची शिवली, एक सुरेख नाव मनात गाठ मारून ठेवलं आणि निघाली. जहाजानं गेली, मग बाराव्या दिवशी सकाळी आगगाडीत बसली.

गाडी देखणी, गाद्या मखमली, पण आत चिडीचूप! त्या देशात गाडीत बोलायची रीतच नव्हती. पहिल्या स्टेशनावर एक मिशाळ म्हातारा चढला, टोपलीत बदक घेऊन. त्यानं टोपी काढून आत्याला खिडकीची जागा दिली. बदकानंही मान लववली. आत्या वाट बघतेय, आता विचारील, कुठून आलात, कुणाकडं निघालात? तर नाही!

मग दुसऱ्या स्टेशनावर गोबऱ्या गालांची पाववाली चढली. तिनं उशीएवढा गरम पाव आत्याच्या मांडीवर ठेवला. पण विचारलं काही? नाव नको. मग तिसऱ्या स्टेशनावर चांदीच्या बटणांचा तिकीटवाला आला. त्यानं आत्याच्या पायांवर शाल घातली आणि हसून उभा राहिला. तोही मुका.

आत्याचं नाक लाल झालं. माणसं साखरेची, अन् तोंडाला कुलूप! कुठं निघालात एवढं विचारायला यांच्या काकाचं काय जातं? पण पत्र आठवलं. तिनं पावाबरोबर राग गिळला.

आणि मग गाडी थांबली. चांगली रानात. तास झाला, हलेना. सूर्य कलला.

"इंजिन रुसलंय," तिकीटवाला कुजबुजला. "मागं तीन वर्षं रुसलं होतं."

"मग काय केलंत तुम्ही?"

"वाट बघितली, बाई."

"हे बदक तेव्हा अंड्यात होतं," म्हातारा म्हणाला.

(त्यांची भाषा आत्याला कशी कळली? गोष्टीत सगळं कळतं. जास्त शहाणपणा करणाऱ्याचं पांघरूण काढून घेईन.)

आत्या पदर खोचून उतरली, मागोमाग ते तिघंही, आणि ती इंजिनापुढं उभी राहिली. "काय गं, नाव काय तुझं?"

"नाव नाही. नंबर आहे. सातशे बारा." आणि ते इंजिन भसाभसा वाफ सोडत रडायला लागलं. "आजवर कुणी विचारलंच नाही."

झालं! गिळलेला राग पावासकट वर आला. "अरे, पन्नास वर्षं हिच्या पाठीवर बसून फिरता, टोप्या काढता, पाव वाटता, आणि हिचं बारसं नाही केलंत? लाज नाही वाटत?"

तिघांनी माना खाली घातल्या. बदकानंही.

पण आत्याजवळ नाव होतं एकच. भाचीचं. तिनं सूर्याकडं बघितलं, रडक्या इंजिनाकडं बघितलं. मग कुंची इंजिनाच्या दिव्यावर बांधली, शिट्टीजवळ तोंड नेलं आणि म्हणाली, "मैनावती! कुर्रर्र!"

आणि वाकून थांबली. थांबली... "अरे, धपाटे घाला पाठीत! आत्याच्या पाठीत धपाटा बसल्याशिवाय बारसं होतं का कुठं?"

ती माणसं कसली गरीब! म्हाताऱ्यानं तीनदा माफी मागून एक बोट टेकवलं. "हा धपाटा? याहून माशी जड!" मग कणीक तिंबून तिंबून लोखंड झालेला हात पाववालीनं उचलला आणि असा हाणला, की आत्या किंचाळली, शिट्टी किंचाळली आणि इंजिन सुटलं उधळत! चौघं धावत कशीबशी चढली. मग गाडीभर एकच कल्ला. कुठून आलात, मुलं किती, भाऊ काय करतो?

गाडी दिगंबरच्या दारात थांबली, तेव्हा सूर्य नखाएवढा उरला होता. पाळण्यात पोर रडतेय, शेजारी सरकारी साहेब शिक्का उगारून उभा.

"अक्का, लवकर!"

आत्या वाकली. "मैनावती! कुर्रर्र!"

"हे नाव चालणार नाही," साहेब म्हणाला. "ते इंजिनाला दिलंत. शिट्टी मारून सांगत आलंय ते."

"मग? नाव म्हणजे काय पाटलाचं वावर, एकाला दिलं की संपलं? आमच्या निंबगावात सोनाबाई चार आहेत. त्यातली एक म्हैस. कुणाचं काही अडलंय?"

साहेबानं शिक्का खिशात घातला. तेवढ्यात बाहेर मैनावतीनं शिट्टी घातली आणि आतली मैनावती रडायची थांबून हसली. सगळे धपाटे घालायला धावले. पाववालीनं बाह्या सरसावल्या. "तू नको गं बाई!" आत्या ओरडली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला मोठी मैनावती शिट्टी घालते आणि धाकटी झोपते. सगळी मजेत आहेत. आत्याची पाठ तेवढी अजून दुखते.

आता मिटा डोळे. जो उघडे ठेवील, त्याच्याकडं पाववालीला पाठवते.