भिंतीलगतचे दाणे

फार मागे, कुंभवती नगरात राजा शतबल गादीवर असताना, बोधिसत्त्व एका माळ्याच्या कुळात जन्मले होते. त्यांचे नाव कल्याणक. सुदंत नावाच्या गृहपतीच्या घरी ते बागकामाला होते.

सुदंताची लेक चंपा बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ नऊ दिवसांचे झाले, त्या सकाळी पाळण्याखाली नाग दिसला. गारुड्याने तो मारला. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुसरा निघाला, तोही मारला. तेव्हापासून सुदंताचे चित्त थाऱ्यावर नव्हते. जेवताना तो मध्येच उठे, पांघरूण झटके, कोनाड्यात काठी घाली. बाळाचा जरा डोळा लागला की हा खाटेखाली वाकून बघे, आणि त्या धडपडीने बाळ जागे होई. घरातल्या बायका त्याला अगदी विटल्या होत्या. पण बोलणार कोण? भीती त्यांच्याही पोटात होतीच.

कल्याणक घरात शिरलेच नाहीत. साप कशामुळे येतात ते पाहत ते अंगणात फिरले. बाळंतिणीच्या शेगडीला सोयीची म्हणून लाकडे त्याच खोलीच्या भिंतीला रचलेली होती. मालतीचा वेल खिडकीतून आत गेला होता. आणि भिंतीलगत सूपभर दाणे पडले होते.

"मालक, हे दाणे कुणाचे?"

"मीच टाकतो, पाखरांना. बाळाला आयुष्य लाभावं म्हणून. आधी पसाभर टाकायचो, नाग निघाल्यापासून सूपभर टाकतो."

"पाखरं थोडेच खातात. उरलेल्यावर उंदीर पोसतात, आणि उंदरांमागे साप येतो."

सुदंत भडकला. "म्हणजे मीच नातवाच्या जिवावर उठलोय? दानधर्म सोडून देऊ?"

"सोडू नका. पलीकडच्या ओट्यावर, पाखरं टिपतील तेवढेच दाणे ठेवा. लाकडं भिंतीपासून लांब रचू, वेल छाटू."

सुदंताला ते पटले नाही, पण त्याला धीरही धरवेना. "काय करायचं ते कर, पण आत्ताच्या आत्ता कर!"

लाकडे उचलता उचलता तळाशी अंड्यांना वेटोळे घालून बसलेली नागीण दिसली. सुदंताने काठी उगारली. कल्याणक मध्ये उभे राहिले. त्यांच्या पाठीशी फणा होता आणि पुढे काठी.

"बाजूला हो! सोडली तर परत येईल ती."

"येईल कशाला, मालक? आजवर तिला बोलावणं आपणच धाडत होतो. आणि हीसुद्धा बाळंतीणच आहे."

सुदंताने एकदा अंड्यांकडे पाहिले. मग त्याने काठी टाकून दिली.

कल्याणकांनी नागिणीला मडक्यात आणि अंडी टोपलीत घेतली व ओढ्यापलीकडच्या वारुळापाशी नेऊन ठेवली. परत येऊन त्यांनी उंदरांची बिळे बुजवली, पाचोळा काढला. त्यानंतर त्या घरात साप आला नाही. तरी सुदंत कितीतरी दिवस पाळण्याखाली वाकून बघत असे. एका दुपारी मात्र बाळाच्या आधी त्यालाच झोप लागली.

विहारात जमलेल्या भिक्षूंना ही हकीकत सांगून भगवान शास्ते थांबले. त्या सकाळी विहाराच्या दारातल्या मुंग्यांवर उकळते पाणी ओतायला निघालेला भिक्षू श्रुतसोम समोरच बसला होता.

"भंते," तो हळूच म्हणाला, "तो उतावळा गृहपती म्हणजे मीच ना?"

"नाही. गृहपती म्हणजे सकाळी तुझा हात धरून तुला अडवणारा उपासक नंदिक. चंपा म्हणजे त्याची आई. माळी मी होतो. आणि श्रुतसोमा, ती नागीण तू होतास."

श्रुतसोमाने वाकून हात जोडले. बोधिसत्त्वांनी त्या जन्मी आचरली ती करुणा. प्रज्ञा तिच्या सोबतीला होती.