हाड सांधणारा पाहुणा

फार पूर्वी, नदीवर पूल बांधायचं कुणाच्या डोक्यातही नव्हतं, तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या एका गावात एक नावाडी होता. कामाला वाघ, पण भलता चौकस!

एकदा नावेतून उतरताना घसरला आणि त्याचा उजवा हात मोडला. पैलतीरावर सासरी त्याची लेक पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. नदी फुगायच्या आत तिला आणायला हवं होतं, आणि वल्हं मारायला हातच नाही!

गावातल्या हाडवैद्य म्हातारीनं हाड बसवलं, बांबूच्या पट्ट्या बांधल्या. म्हणाली, "माझं काम झालं. आता हाड सांधणारा पाहुणा येईल. पण तू गाढ झोपलास तरच हं!"

झालं! नावाड्याच्या डोक्यात किडा शिरला. कोण असेल हा? दिसतो तरी कसा? डोळा लागला की पठ्ठ्या स्वतःला चिमटा काढायचा. रोज कोंबडा आरवेपर्यंत दाराकडे टक लावून. डोळे खोल गेले, जेवण जाईना, हात ठणकायचा थांबेना.

शेवटी तो म्हातारीकडे गेला. "आजी, फसवलंस मला. कुणी फिरकलंसुद्धा नाही!"

"म्हणजे तू जागत बसलास?" म्हातारीनं कपाळावर हात मारला. "अरे वेड्या, पाहुणा बघायचाय की लेक आणायचीय?"

लेकीचं नाव निघताच नावाड्याचे डोळे भरून आले. त्या दिवसापासून तो दिवेलागणीलाच हलकं खाऊन अंथरुणाला पाठ टेकायचा. दाराकडे बघायचं त्यानं सोडूनच दिलं.

ठणका ओसरला. जेवण जाऊ लागलं. आणि एका सकाळी मूठ घट्ट वळली! म्हातारीनं पट्ट्या सोडल्या. हळूहळू हातात जोर आला आणि नदी फुगायच्या आत नावाड्यानं लेकीला घरी आणलं.

बारशाला म्हातारी आली. नावाड्यानं तिला गाठलंच. "आजी, आता तरी सांग, कोण तो?"

म्हातारीनं पाळण्याकडे बोट दाखवलं. बाळ मुठी मिटून झोपलं होतं.

"झोपता झोपता रोज कसं वाढतंय बघ. कोण वाढवतं त्याला? अरे, तोच तुझं हाड सांधणारा; तो बाहेरून येतच नाही. जन्मापासून आतच असतो. आपण निजलो की कामाला लागतो. तू निवांत झोपावंस म्हणून मी पाहुणा म्हटलं, तर तू दारच राखत बसलास!"

नावाडी कधी बाळाकडे बघे, कधी आपल्या हाताकडे. "अबब! एवढा मोठा कारागीर माझ्या आत, आणि मीच त्याला काम करू देत नव्हतो!" असं म्हणून त्यानं आपल्याच हाताला नमस्कार केला.

तात्पर्य एवढंच: शरीराचा कारागीर गाढ झोपेत काम करतो; त्याच्या कामाच्या वेळी आपण जागत बसू नये.