घाटातली मक्याची भाकरी

"मका म्हणजे गुरांचा चारा!" चंदनगडच्या उदाजीराजांनी हुकूम सोडला. "माझ्या पालखीच्या भोयांनी मक्याची भाकरी खायची नाही. राजा खाईल तेच खायचं! आणि उद्या देवीच्या उत्सवाला जाताना घाटात पालखी टेकली, तर सगळ्यांची चाकरी गेली!"

भोयांचे चेहरे उतरले. राजे खायचे काय, तर चिरोटे, फेण्या आणि केशरी दूध! एवढ्यावर घाट चढायचा कसा?

"बाबा, हुकूम अगदी तंतोतंत पाळा," थोरल्या भोयाची मुलगी गोजरा म्हणाली. तिने मात्र मक्याच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी फडक्यात बांधून घेतली.

दुसऱ्या दिवशी चिरोटे खाऊन भोई निघाले. निम्म्या घाटात त्यांचे पाय लटपटले आणि पालखी टेकली.

"टेकलीच!" राजे कडाडले. "गेली चाकरी!"

"अहो महाराज," मागून येणारी गोजरा पुढे झाली, "त्यांनी आपलंच जेवण खाल्लं. मग चालणार किती? आपल्याइतकंच!"

"मी तर पाऊलभरही चालत नाही!"

"मग अर्धा घाट चढले, हे पुष्कळच झालं की!"

राजांनी वर पाहिलं. देवळातले नगारे वाजू लागले होते. "आता गं?"

"भाकऱ्या आहेत. खाल्ल्या की चढतील. पण हुकूम आहे ना, राजा खाईल तेच खायचं!"

"म्हणजे आधी मी खायचा? मका?"

"एकच घास, महाराज!"

नाक दाबून राजांनी घास घेतला. दुसऱ्या घासाला नाक दाबायचं राहिलं. तिसऱ्याला त्यांनी चटणी मागितली आणि भाकरी संपवून दुसरीला हात घातला. गोजराने फडकं मागे ओढलं.

"हा चारा भोयांनाही पुरायला हवा, महाराज!"

राजे ओशाळले. भोई पोटभर जेवले, झऱ्याचं पाणी प्यायले आणि दांडीला खांदा द्यायला उभे राहिले. राजे पालखीत पाय ठेवणार, तोच गोजरा म्हणाली, "बसता कशाला? आता आपणही मका खाल्लाय. चालवेल की!"

राजे इतके हसले की पगडी घसरली. पुढच्या वळणापर्यंत ते खरंच चालले!

उत्सवात त्यांनी हातातलं सोन्याचं कडं गोजराला दिलं आणि भोयांची चाकरी कायम केली. हुकूमही तोच राहिला, भोयांनी राजा खाईल तेच खायचं. फक्त राजांच्या ताटात आता रोज मक्याची भाकरी असायची, आणि वर चटणी!