चौतीस घोंगड्या

"तिकडे रक्त सांडतंय आणि इथे त्यावर मतं पिकवतायत. लाज कशी वाटत नाही?"

उत्कर्षने नाव कुणाचंच घेतलं नाही.

मोरदऱ्याच्या मठाच्या अंगणात भैरूबुवा गोसावी घोंगड्या झटकत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

युद्धाचा तिसरा महिना. लोकसभेचं मतदान एकवीस दिवसांवर. उत्कर्ष सव्वीस वर्षांचा, राज्यशास्त्र शिकलेला, तालुक्याच्या गावचा अपक्ष उमेदवार. बुवांनी मान डोलावली तर सगळं खोरं मत देतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

"एक म्हणतो, सूड घेऊ. दुसरा म्हणतो, आम्ही असतो तर युद्धच झालं नसतं. लोकांना काय हवंय, हे विचारलं कुणी? मी विचारलं. चाळीस गावं पायी फिरलो, बुवा."

"मग, कळलं?"

"कळलं. आजच्या सभेत तुम्ही एवढंच म्हणा, हा पोरगा खरं बोलतो."

"अजून तू बोललायस कुठं?"

उत्कर्षने खिशातून कागद काढला. "भाषण तयार आहे. शेवटच्या वाक्याला माणसं उठून उभी राहतात."

"कुठलं वाक्य?"

"तुमच्या मुलांचं बलिदान मी वाया जाऊ देणार नाही."

बुवांचे हात थांबले... मग पुन्हा झटकू लागले.

"माझ्याआधी सहा उमेदवार येऊन गेले म्हणे. त्यांना काय सांगितलंत?"

"सांगतोय काय. घोंगड्या उचलायला लावल्या. तिघांच्या कमरेत उसण भरली." बुवांनी ढिगाकडे बोट केलं. "तू शिकलेला आहेस. निम्म्या घे."

उत्कर्ष मनातून चिडला. तरी त्याने ओझं खांद्यावर घेतलं.

देवळापुढच्या पटांगणात बुवा एकेक घोंगडी अंथरू लागले. अगदी पुढे, माइकसमोर. प्रत्येक घोंगडीपाशी वाकून हळूच एक नाव घेत.

"सागर... यासीन... दत्ता... किसन..."

"ही कुणाची नावं?"

"बसणारांची."

चौतीस नावं झाली. उन्हं कलली तशी माणसं आली. बाया आल्या, म्हातारे काठी टेकत आले. सगळे घोंगड्यांच्या मागे, धुळीत बसले. बुवाही त्यांच्यातच जाऊन बसले.

उत्कर्षने माइक हातात घेतला. "पुढे या ना. मागे कशाला बसलाय? इथे चांगल्या घोंगड्या रिकाम्या आहेत."

कुणी हललं नाही.

एका बाईने हात लांबवून समोरच्या घोंगडीचं दुमडलेलं टोक सरळ केलं. निजलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं, तसं. दुसऱ्या एका घोंगडीवर पाण्याचा तांब्या होता, त्यावर फुलपात्र उपडं घातलेलं.

माइकवाला त्याच्या कानाशी आला. "साहेब, ती जागा सीमेवरच्या पोरांची. लढाई लागल्यापासून गावची कुठलीही सभा त्यांच्याबिगर भरत नाही."

उत्कर्षने पाहिलं.

आता त्याला घोंगड्या रिकाम्या दिसेनात. चौतीस जण मांडी घालून समोर बसले होते. कुणाच्या बुटांना बर्फ होतं. कुणी चार दिवस झोपलेला नव्हता. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्यांच्यामागे त्यांचं गाव, त्यांच्या आया.

त्याने कागद उलगडला. सुडाचा परिच्छेद... शांततेचा परिच्छेद... चाळीस गावांची उत्तरं. शेवटी ते वाक्य.

बलिदान.

जिवंत माणसांच्या तोंडावर?

चाळीस गावांत त्याने हा शब्द उच्चारला होता. चाळीस वेळा टाळ्या झाल्या होत्या. त्या टाळ्यांत किती आयांचे हात नव्हते, हे त्याने मोजलं नव्हतं.

 त्याने कागदाची घडी करून तो खिशात ठेवला. चपला काढल्या. का काढल्या, त्यालाही सांगता आलं नसतं.

"बुवा..." माइकमधून त्याचा आवाज साऱ्या पटांगणावर गेला. "काय बोलू?"

"मला काय विचारतोस? मी तर मागं बसलोय."

तो उभाच राहिला. 

मग तांब्या ठेवलेल्या घोंगडीमागे बसलेली हौसाआजी म्हणाली, "बोल की बाबा. लांबनं आल्यात पोरं."