किती खोल, महाराज?

चूक कडेगिरीच्या राजा धुंडिराजाची होती. मातीची नाही आणि खणणाऱ्यांची तर मुळीच नाही.

दर पाडव्याला गुढी उभारली की या राजाला संकल्प सुचायचा. एका वर्षी म्हणाला, “फौज मोठी करायची.” केवढी, ते सांगितलं नाही. भरती चालूच राहिली आणि शेवटी मुदपाकखान्यातली भाकरी संपली. स्वतः बारीक व्हायचा संकल्प तर दर पाडव्याला ठरलेला. शिंपी दर दिवाळीला अंगरखा उसवून सैल करायचा आणि म्हातारे कारभारी हात जोडून म्हणायचे, “महाराज, उतरलात हं!”

यंदाचा संकल्प तळ्याचा होता. “खोल तळं खणायचं. खोल झालं की खणणाऱ्यांनी घरी जायचं. तोवर कुणी हलायचं नाही.”

खणणाऱ्यांत येसू होती. घरून निघाली तेव्हा तिची लेक रांगत होती. गावाकडून आलेला एक माणूस म्हणाला, पोर आता अंगणभर पळते आणि आत्यालाच आई म्हणते. त्या दिवसापासून येसूची कुदळ जरा जास्तच जोरात पडायची.

मातीकाम करणाऱ्यांची एक जुनी रीत असते. खणताना मधे मातीचा एखादा खांब तसाच सोडायचा. त्याचा माथा म्हणजे मूळ जमीन. खांब मोजला की तळं किती खोल गेलं ते कळतं आणि काम संपलं की नाही यावर वाद राहत नाही. येसूच्या सासऱ्याने, म्हणजे टोळीच्या मुकादमाने, असे खांब सोडले होते. राजाने ते पाहून नाक मुरडलं.

“ही काय गळवं ठेवलीत माझ्या तळ्यात? काढून टाका.”

“महाराज, मापाला लागतात.”

“माप मी! मी पुरे म्हणेन तेव्हा पुरे.”

एकच खांब वाचला, कारण तो ऐसपैस होता आणि राजाला त्यावर बसायचं होतं. काठापासून तिथवर मातीची वाट राखली होती. रोज जेवण झालं की राजा त्या वाटेने यायचा, शिसवी खुर्चीत बसायचा, “आणखी!” म्हणायचा आणि घोरायला लागायचा. जाग आली की खाली न बघताच पुन्हा, “आणखी!”

“मामंजी, हे संपणार कधी?” येसूने विचारलं.

“मोठ्यांना कळतं गं, सूनबाई. संपेल तेव्हा संपेल.”

“त्यांना कळत नाही आणि तुम्ही विचारत नाही. तुमचं दोघांचं छान जमलंय. पोर माझी परकी होतेय.”

मुकादमाने मान डोलावली. जन्मभर डोलावून त्या मानेला दुसरी हालचालच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी राजा खुर्चीत टेकला, डोळे मिटू लागले, तशी येसू खालून म्हणाली, “महाराज, सगळीकडे खणून झालं. आता तुमची वाट तेवढी उरलीय. तीही खणायची?”

“एकदा सांगितलं ना, आणखी! मला विचारत बसू नका.”

“ऐकलंत ना, कारभारीसाहेब?”

काठावरच्या कारभाऱ्यांनी ऐकलं होतं. कोणती वाट, तेही त्यांना कळलं असणार. पण राजाला उठवायचं म्हणजे शिव्या खायच्या. त्यांनी येसूला हातानेच ‘चालू द्या’ म्हटलं.

राजा उठला तेव्हा ऊन कललं होतं. त्याने पाऊल पुढे टाकलं आणि झटकन मागे घेतलं. वाट नव्हती. चारी बाजूंना खड्डा होता.

“मला उतरवा!”

“शिडी करायला सांगते, महाराज. केवढी करायची?”

“मोठी!”

सुताराने मोठी शिडी आणली. ती खांबाच्या कमरेशीच संपली.

“अरे, आणखी मोठी!”

“आणखी म्हणजे केवढी? सुतार विचारतोय.”

“मला काय ठाऊक? पुरेल एवढी!”

“आम्हीही तेच म्हणत होतो. पुरेल एवढं खणतो, केवढं ते सांगा. तुम्ही म्हणालात, माप मी. आता माप वर आहे आणि सुतार खाली.”

“धीर धरा, महाराज,” कारभारी काठावरून म्हणाले.

“तुम्ही गप्प बसा!” राजाच्या पोटात कावळे ओरडत होते. “पोरी, तूच सांग काहीतरी.”

“पागोटं सोडा खाली.”

राजाने पागोटं उलगडलं. टक्कल उन्हात चमकलं. कापड सरसरत खाली आलं आणि टोक जमिनीला टेकलं.

“टेकलं! आता तुमच्या पायाशी जिथं येतं तिथं गाठ मारा आणि टाका खाली.”

पागोटं पडलं. येसूने ते उचललं, पण सुताराने हात पुढे केला तरी दिलं नाही.

“महाराज, हे शिडीचं माप. तुमच्या तळ्याचंही हेच, आणि तुम्ही स्वतःच्या हाताने घेतलेलं. आता एवढंच सांगा, हे सुताराला देऊ की आधी आणखी खणू? आणखी खणलं तर शिडी पुन्हा अपुरी पडेल.”

तळ्यात सगळ्या कुदळी थांबल्या.

“पुरे,” राजा पुटपुटला.

“ऐकू आलं नाही.”

“पुरे! तळं झालं! जा सगळे घरी!”

राजा आधी लालबुंद झाला. मग त्याने स्वतःच्या टकलावरून हात फिरवला, खाली येसूच्या हातातलं पागोटं पाहिलं आणि एकदम खदखदून हसायला लागला. पोट इतकं हललं की खुर्ची करकरली. राजा हसतोय म्हणून कारभारीही हसले. कशाला, ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

शिडी आली. राजा धापा टाकत उतरला. “माग, काय हवं ते.”

“टोळीची सगळी मजुरी आणि गावापर्यंत गाड्या. आत्ता.”

“आणि तुला?”

“हे पागोटं. लेकीला झबली शिवीन. ती केवढी झालीय, ते आधी बघून.”

गाड्या त्याच संध्याकाळी निघाल्या. राजा उतरला, पण खुर्ची जड होती, ती उतरवायला माणसं उरली नव्हती. पुढे तळं भरलं आणि खांबावरच्या त्या खुर्चीत बगळे बसू लागले. राजाची शिसवी खुर्ची गेली, पागोटं गेलं आणि त्या रात्रीचं जेवण गार झालं.