तिखट कानांची टिटवी

फ्लूचा ताप एकाला नुसता शिंकवून सोडतो आणि दुसऱ्याला अंथरुणाला खिळवतो. का, ते मला विचारू नका; म्हणतात, कधी कधी रोगापेक्षा त्याच्याशी लढणारं आपलं अंगच जास्त नासधूस करतं. ही गोष्ट ऐका.

जनावरं बोलायची तेव्हा माळावर एक टिटवी होती. कान असे तिखट की गवत हललं तरी तिला ऐकू यायचं. तिने उघड्या जमिनीवर अंडी घातली होती. एका संध्याकाळी उंदीर तिकडे आला आणि टिटवीने ओरडून माळ डोक्यावर घेतला. म्हशींचा अख्खा कळप मदतीला धावला. उंदीर बिळात पळाला. म्हशींच्या खुरांखाली अंडी फुटली, एकच उरलं.

"पळवला की नाही?" म्हशी फुशारून म्हणाल्या आणि गेल्या.

"उंदराने किती खाल्ली गं?" बाभळीवरच्या पिंगळ्याने विचारलं.

"एकही नाही," टिटवी रडत म्हणाली. "मी आता कान बंदच करते."

"म्हणजे उरलेलं उंदीर नेईल, शहाणे. कान तिखटच ठेव. पण एका उंदरासाठी म्हशी कशाला बोलावतेस? मला हाक मार."

दुसऱ्या दिवशी उंदीर पुन्हा आला. टिटवी एकदाच, हळू ओरडली. पिंगळ्याचं जेवण झालं. म्हशी रवंथ करत बसल्या होत्या.

पुढे ते शेवटचं अंडंही फुटलंच, पण आतून.