अस्वलशेठचं मेण

प्राणी दुकानं थाटून बसायचे, त्या काळची गोष्ट. अस्वलशेठ पोळं पिळून मध विकायचा आणि उरलेलं मेण मागच्या दारी फेकायचा. ढीग छपराला टेकला, तेव्हा त्याने साळिंदरबाईंना विनवलं, "ही घाण उचला हो, वर बुधलाभर मध देतो."

साळिंदरबाईंनी मेण नेलं, मधही नेला.

पावसाळ्यात भरदुपारी अंधारून आलं आणि अस्वलशेठच्या दुकानात गिऱ्हाइकं धडपडायला लागली. तो धावत साळिंदरबाईंच्या नव्या दुकानात गेला. दोन बुधले मध देऊन त्याने मेणबत्त्या घेतल्या आणि एक नाकाशी धरली.

"काय सुरेख वास! मेण कुठून आणता हो?"

"आहेत एक शेठ. मेण देतात, वर मधही देतात."

अस्वलशेठ पोट धरून हसला. "एवढा बावळट असतो कुणी?"

"असतो तर," साळिंदरबाई म्हणाल्या. "तेच मेण विकत घ्यायलाही येतो."